निओडिमियमच्या लाइनला यायचंय? गोव्यातल्या पोरांसाठी चार गोष्टी

डिचोली-सांगेकडची पोरं विचारतात, दादा रेअर अर्थमध्ये, म्हणजे निओडिमियमसारख्या धातूंच्या कामात, जायचं तर जिऑलॉजी घेऊ की मायनिंग? आपल्याकडे खाण म्हटलं की ट्रक, बार्ज नि लोहखनिज, आणि 2012 ला खाणी बंद पडल्यापासून तर घरचे विषय काढला तरी वैतागतात. माझं ऐकाल तर केमिस्ट्री नाहीतर मेटलर्जी घ्या.

खनिज आपल्याकडे आहेच हो, केरळ, तामिळनाडू, ओडिशाच्या किनाऱ्यावरच्या वाळूत मोनाझाइट हे रेअर अर्थचं खनिज सापडतं, ते काढणारी आयआरईएल ही सरकारी कंपनी 1950 पासूनची. घोडं अडतं ते धातू सुटे करताना. आवर्तसारणीत निओडिमियम 60 नंबरचं, शेजारचं प्रेझिओडिमियम 59, वागणं जवळपास सारखंच, त्यामुळे सॉल्व्हेंट एक्स्ट्रॅक्शनच्या (एका द्रवातला धातू दुसऱ्या द्रवात ओढून घ्यायच्या) टाक्यांची रांगच्या रांग लावावी लागते. वर मोनाझाइटमध्ये किरणोत्सारी थोरियम, म्हणजे अणुऊर्जा कायदा आणि परवानग्या आल्याच.

लॅबमध्ये हेच सेपरेटिंग फनेलमध्ये करतात, खाली आम्लातलं द्रावण, वर केरोसिनमध्ये कालवलेलं एक्स्ट्रॅक्टंट (धातू ओढून घेणारं रसायन), हलवायचं, उलटं धरून कॉक उघडून प्रेशर सोडायचं नि थर सुटेपर्यंत बसून राहायचं. कधी मधेच गढूळ साय धरते, मग गेला दिवस. प्रेझिओडिमियमचं द्रावण हिरवं, निओडिमियमचं जांभळट गुलाबी, दिसतं भारी, पण आयसीपीचा (कुठला धातू किती ते मोजणाऱ्या मशीनचा) रिपोर्ट हातात येईपर्यंत काही खरं नाही.

एवढा खटाटोप मॅग्नेटसाठी. निओडिमियम-लोह-बोरॉनचा मॅग्नेट 1980 च्या दशकात जपानमध्ये मासातो सागावा या संशोधकानं आणि अमेरिकेत जनरल मोटर्सने वेगवेगळा काढला, आज इव्ही, पवनचक्की, हार्ड डिस्क, मिसाइल सगळीकडे तोच. मोटर तापली की तो ढिला पडतो म्हणून थोडं डिस्प्रोशियम, हेही रेअर अर्थच, घालतात. आणि गंमत बघा, एप्रिल 2025 मध्ये चीनने ज्या सात धातूंच्या निर्यातीला लायसन्स लावलं त्यात निओडिमियम नव्हतंच, पण डिस्प्रोशियम, टर्बियम होतं, तेवढ्यानं मॅग्नेट अडकले नि आपल्या गाडीवाल्यांची पळापळ झाली.

गोव्यात राहून किती होईल? ताळगावला विद्यापीठात एमएस्सी करा, समुद्रतळाच्या खनिजांची आवड असेल तर दोना पावलाचं एनआयओ (राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था) आहेच, 1981 मध्ये गवेषणी जहाजानं नोड्यूल, म्हणजे समुद्रतळावरचे धातूयुक्त गोळे, वर काढले ते त्यांचंच काम. पण प्लांट बघायचा तर बाहेर पडावंच लागेल, आईला आधीच सांगून ठेवा. आणि इंटरव्ह्यूला जाताना मॅककेब-थीलचा ग्राफ हातानं काढून धातू सुटे करायला किती स्टेज (टप्पे) लागतील ते सांगता आलं पाहिजे, सॉफ्टवेअर येतं म्हणून तिथे भागत नाही.