एचआयव्हीचं इंजेक्शन घरच्या घरी टोचून घेताना

एचआयव्हीचे उपचार म्हटलं की गोळ्याच डोळ्यांसमोर येतात. आपल्याकडच्या सरकारी एआरटी केंद्रांतूनही (एचआयव्हीवरची औषधं देणाऱ्या केंद्रांतूनही) गोळ्याच मिळतात. कॅबोटेग्रॅविर-रिल्पिव्हिरिनचं इंजेक्शन दोन महिन्यांतून एकदा घेता येतं, पण ते कमरेत आणि नर्सच्या हातून. रोज स्वतःच टोचून घ्यायचं औषध म्हणजे एन्फुव्हर्टाइड, ऊर्फ टी-२०. अमेरिकेत ते २००३ साली मंजूर झालं. विषाणू बाकीच्या औषधांना दाद देईनासा झाला, की इतर औषधांच्या जोडीला ९० मिलिग्रॅम दिवसातून दोनदा देतात. आज ते फार थोड्यांच्या वाट्याला येतं. ज्यांना लिहून दिलं आहे त्यांनी पहिलं इंजेक्शन नर्ससमोरच घ्यावं.

सगळ्यात जास्त धीर लागतो तो टोचण्याआधी. हात धुवा, पावडरच्या कुपीत १.१ मिलिलिटर निर्जंतुक पाणी कडेने हळूच सोडा. कुपी हलवायची अजिबात नाही, फेस झाला की विरघळायला आणखी वेळ लागतो. बोटाने हलकेच टिचक्या मारा, तळव्यांत फिरवा आणि ठेवून द्या. विरघळायला कधीकधी ४५ मिनिटं लागतात. कंटाळा येतो तो इथेच, सुईचा नव्हे! म्हणून सकाळी दोन्ही कुप्या एकदमच तयार करा. संध्याकाळची कुपीतच फ्रिजमध्ये ठेवा आणि २४ तासांत वापरा. टोचण्याआधी ती बाहेर काढून गारवा जाऊ द्या. द्रावण स्वच्छ हवं. गढूळ दिसलं किंवा कण तरंगताना दिसले तर टाकून द्या.

आता जागा. दंड, पोट किंवा मांडीची पुढची बाजू. कातडीची चिमटी धरा, सुई तिरपी घाला, औषध सावकाश सोडा. बेंबीजवळ, तीळ, व्रण किंवा आधीची गाठ असेल तिथे टोचू नका. लागोपाठ दोनदा एकच जागा नको. कॅलेंडरवर ‘डावी मांडी’, ‘पोट उजवीकडे’ असं लिहून ठेवलं की घोळ होत नाही. सुईला टोपण परत लावू नका, थेट जाड डब्यात टाका.

गाठी, लाली, खाज हे होणारच. या औषधाच्या ‘टोरो’ नावाच्या चाचण्यांत ९८ टक्के रुग्णांना टोचल्या जागी काही ना काही त्रास झाला, पण त्यापायी औषध सोडणारे थोडेच निघाले. कारण फायदा रिपोर्टमध्ये दिसत होता: त्यांतल्या टोरो-१ मध्ये २४ आठवड्यांनी व्हायरल लोड (रक्तातलं विषाणूंचं प्रमाण) सरासरी सुमारे ५० पट खाली आला, टी-२० शिवाय उपचार घेणाऱ्यांत जेमतेम ६ पट. तेव्हा औषध लागू पडतंय की नाही हे गाठींवरून ठरवू नका. व्हायरल लोड आणि सीडी-४ (प्रतिकारशक्तीच्या पेशी) यांचे आकडे बघा.

उपचारांबद्दलच्या समाधानाचं म्हणाल, तर तपासणीला जाताना डॉक्टरांना नुसतं ‘बरं चाललंय’ सांगू नका. किती डोस चुकले, कुठली जागा दुखते, झोप लागते का, कामावर कुपी नेणं जमतं का, हे सांगा. चुकलेला डोस आठवताच घ्या. पुढच्याची वेळ झालीच असेल तर दोन एकदम नकोत. मनाने बंद तर मुळीच करू नका, विषाणू या औषधालाही लवकर सरावतो.

पुरळासोबत ताप, उलट्या, थंडी वाजणं किंवा धाप लागणं असं काही झालं, तर मात्र पुढचा डोस न घेता तडक दवाखाना गाठा. खोकला आणि ताप एकत्र आले तरी डॉक्टरांकडे जायला उशीर करू नका, कारण या औषधावर असताना न्यूमोनियाचं प्रमाण जास्त आढळलं आहे.