बुरशीचं इन्फेक्शन: गोठ्यात असो नाहीतर घरात, या चुका टाळा

पावसाळा लागला की आमच्या कृष्णाकाठच्या गावांत जनावरं आणि माणसं दोघंही खाजवायला लागतात आणि सगळा दोष हवेला जातो. अहो बुरशी मातीत, कडब्यात, हवेत बारा महिने असतेच, धडधाकट अंगाला ती सहसा काही करत नाही. तिला वाट आपण करून देतो, तीही बऱ्याचदा औषधानंच.

सगळ्यात मोठी चूक होते गाईच्या सडात अँटिबायोटिकची ट्यूब सोडताना. कास सुजली, दुधात गाठी आल्या की ट्यूब, फरक नाही तर मेडिकलमधून भारीतली, मग अजून एक. दगडी, म्हणजे कासेची ही सूज, बुरशीची असेल तर अँटिबायोटिकचा काडीचाही उपयोग नाही, उलट बॅक्टेरिया मरून कँडिडासारख्या बुरशीला रान मोकळं होतं. त्यात सडाचं तोंड स्पिरिटनं न पुसता नळी घातली की घाण थेट आत. म्हणून पहिल्या कोर्सनं दूध सुधारलं नाही तर ट्यूब बदलत बसू नका, डॉक्टरांना दुधाचा नमुना तपासायला द्या. बुरशी निघाली तर अँटिबायोटिक थांबवून तो सड वरचेवर पिळून रिकामा करायला सांगतात, काही गाई तेवढ्यावरही सुधारतात. बुरसलेला मुरघास (हवाबंद मुरवलेला हिरवा चारा) गाभण गाईला घालूच नका, त्यानं गाभ पडू शकतो.

शुगरवाल्यांनी जास्त जपा. 2021 ला म्युकरनं, म्हणजे काळ्या बुरशीच्या आजारानं, काय केलं ते सगळ्यांनी बघितलंय, वाढलेली शुगर आणि स्टिरॉइड एकत्र आले की ती बुरशी नाकातून डोळ्यापर्यंत जाते. एका बाजूचं नाक चोंदून काळपट स्राव, गाल दुखणं, डोळा सुजणं असलं काही दिसलं तर वाफ घेत घरी थांबू नका, त्याच दिवशी मोठा दवाखाना गाठा.

आता गजकर्ण. वासराच्या डोळ्याभोवती, मानेवर राखाडी गोल खपल्या दिसल्या की ते बाजूला बांधा आणि हात लावल्यावर साबणानं धुवा, कारण तेच माणसाच्या हातावर उठतं. मग आपण शेजाऱ्यानं सांगितलेलं मलम आणतो, दोन दिवसांत खाज जाते, आपण खूश! त्यात स्टिरॉइड असतं, लाली दबते पण बुरशी आतल्या आत पसरते आणि बंद केलं की दुप्पट उठते. 2018 पासून अशी बरीच मलमं चिठ्ठीशिवाय द्यायची नाहीत असा नियम आहे, तरी मिळतात. त्वचेच्या डॉक्टरांकडं जाताना त्या मलमाचं खोकं बरोबर न्या.