अंग भरायचंय? आधी डबा भरा

जिमची फी भरण्याआधी आठवडाभर पोटात काय काय जातं ते वहीत लिहून काढा, चहाबरोबरची खारीसुद्धा. ‘लई खातो, पण अंगाला लागत नाही’ म्हणणाऱ्याच्या वहीत सकाळचा रकाना बहुधा कोराच असतो. वजनही याच आठवड्यात करा, सकाळी उपाशीपोटी, दोन-तीनदा, आणि सरासरी धरा. काही कारण नसताना वजन उतरत असेल, तर आधी डॉक्टरांकडून साखर आणि थायरॉईड तपासून घ्या. किडनीचं दुखणं असेल तर प्रोटीन वाढवण्याआधीही त्यांनाच विचारा.

आता हिशेब. रोजच्यापेक्षा ३०० ते ५०० कॅलरी जास्त, आणि प्रोटीन वजनाच्या दर किलोमागे साधारण १.६ ग्रॅम. म्हणजे ५५ किलोच्या पोराला ८८ ग्रॅम. चार अंडी २४, अर्धा लिटर दूध १६, पन्नास ग्रॅम कोरड्या सोयाबीन वड्या २६ आणि तेवढेच शेंगदाणे १२. उरलेलं भाकरी-डाळीतून सहज निघतं. अंडी खात नसाल तर पनीर, दही, फुटाणे वाढवा. शेंगदाणे, फुटाणे, डाळी कोल्हापुरातल्या लक्ष्मीपुरीच्या बाजारातून महिन्याच्या एकदमच आणा, घरात असलं की खाल्लं जातं. रविवारी मटण असेल तर वाटीवर वाटी रस्सा ओरपण्यापेक्षा फोडी मागून घ्या. पांढऱ्या रश्श्यानं जीव तृप्त होतो, दंड भरत नाहीत.

भूकच लागत नाही त्यांनी प्यायला शिकावं. दूध, दोन केळी, दोन चमचे दाण्याचा कूट आणि गुळाचा खडा मिक्सरमधून काढला की झालं. गंगावेशीतल्या दूध कट्ट्यावर म्हशीचं धारोष्ण दूध पिण्याची मजा मान्य, पण कच्च्या दुधातून आजार येतात. घरी आणून उकळून प्या. दुधाची सवय नसेल तर अर्ध्या पेल्यापासून सुरुवात करा, नाहीतर पोट गुरगुरणार.

तालमीतल्या पैलवानाचा खुराक मात्र उचलू नका. बदामाची थंडाई आणि वाटीभर तूप तो पहाटेच्या जोर-बैठकांत आणि संध्याकाळच्या मातीत जिरवतो. तुम्ही आठवड्यातून तीन दिवस तासभर वजनं उचलणार, त्यावर तेवढं तूप गेलं तर फक्त ढेरी सुटेल. वजन वाढवायच्या पावडरींचे मोठे डबेही नकोत, त्यात बरंचसं साखरेसारखंच स्वस्त पीठ असतं. अंग भरायच्या इंजेक्शनचं नाव काढणाऱ्या जिममधल्या ‘सर’पासून चार हात लांब राहा.

बैठका, जोर, वजन अंगाकडे ओढणं, खांद्यावरून वर उचलणं एवढं शिकून घ्या आणि दर आठवड्याला थोडं वजन चढवा. झोप सात-आठ तास. महिन्याला किलो-दीड किलो वाढ पुरे. दोन आठवडे काटा हललाच नाही, तर जेवणात एक भाकरी आणि झोपताना पेलाभर दूध वाढवा.