पावसाळा सरल्यावर फुलझाडांसाठी खताची निवड : कोकणातील बागायतदारांसाठी सल्ला

परतीचा पाऊस थांबून जमिनीला वाफसा (मशागतीजोगी ओल) आला की कोकणातील परसबागांत आणि मोगरा-अबोलीच्या लहान लागवडीत खते देण्यास योग्य काळ सुरू होतो. खताच्या पोत्यावरील तीन आकडे अनुक्रमे नत्र (नायट्रोजन), स्फुरद (फॉस्फरस) आणि पालाश (पोटॅश) यांचे शेकडा प्रमाण दर्शवितात व निवड करताना प्रथम तेच पाहावेत. युरियात 46 टक्के नत्र असते. केवळ त्याच्यावर भर दिल्यास जास्वंद हिरवीगार होऊन लांब, कोवळे फुटवे काढते, पण कळ्या कमी धरतात आणि त्या कोवळ्या शेंड्यांवर मावा व पिठ्या ढेकूण जमतात.

आपल्याकडे जमिनीचा स्वभावही ध्यानात घ्यावा लागतो. जांभ्या, आम्लधर्मी जमिनीतील लोह व ॲल्युमिनियम स्फुरदाला घट्ट धरून ठेवतात, तर मुसळधार पावसात नत्र आणि पालाश निचऱ्याच्या पाण्याबरोबर निघून जातात. त्यामुळे स्फुरद पुरवणारे सिंगल सुपर फॉस्फेट मातीवर नुसते फेकू नये; ते चांगल्या कुजलेल्या शेणखतात मिसळून मुळांच्या कक्षेतच द्यावे. हाडांचा चुरा आम्ल जमिनीत हळूहळू विरघळतो, म्हणून तोही इथे चांगला लागू पडतो. शेणखताची पाटी रासायनिक खताच्या जोडीला हवीच, कारण वरकस (हलक्या, उताराच्या) जमिनीत ओल आणि अन्नद्रव्ये धरून ठेवण्याचे काम तीच करते.

मोगऱ्याला नोव्हेंबरअखेरीस पाण्याचा ताण द्यावा, डिसेंबरात छाटणी करावी आणि बुंध्यापासून वीतभर अंतरावर गोल, उथळ चर काढावा. पूर्ण वाढलेल्या झाडास त्यात पाच ते दहा किलो शेणखत, साधारण 250 ग्रॅम सिंगल सुपर फॉस्फेट, पालाशासाठी 75 ग्रॅम म्युरेट ऑफ पोटॅश आणि 25 ग्रॅम युरिया घालून चर मातीने बुजवावा व लगेच पाणी द्यावे. कळ्या दिसू लागताच आणखी 25 ग्रॅम युरिया पुरेसा होतो. जुन्या पानांच्या कडा करपू लागल्या, तर बहुधा पालाशाची उणीव असते.

कुंडीतील झाडांना लिटरभर पाण्यात दोन ग्रॅम 19:19:19 आणि कळीच्या वेळी तेवढेच 13:0:45 विरघळवून पंधरवड्याने द्यावे.

जमिनीची आम्लता कमी करणारा चुना माती परीक्षणानंतरच वापरावा. झेंडू व शेवंतीला त्याचा उपयोग होतो, मात्र अनंताला आम्ल माती मानवते, म्हणून तिथे चुना किंवा चुलीतील राख टाकू नये. चुना आणि युरिया एकाच वेळी दिल्यास नत्र अमोनियाच्या रूपाने उडून जाते. दोहोंत किमान पंधरा दिवसांचे अंतर ठेवावे.

खाडीकाठच्या खारट जमिनीत म्युरेटऐवजी सल्फेट ऑफ पोटॅश निवडावे, कारण म्युरेटमधील क्लोराइड क्षारांत भर घालते. खारवलेल्या सुक्या मासळीचा चुराही तिथे मुळीच वापरू नये.