माउंटन डल्सिमर घेतलंय? आधी सा-प-प लावा, गज नंतर

आधी एक गोंधळ दूर करू. डल्सिमर म्हटलं की आपल्याकडे लोकांना संतूर आठवतं, आणि ते अगदी चूकही नाही, कारण काड्यांनी वाजवायचं जे हॅमर्ड डल्सिमर आहे ते संतूरच्याच कुळातलं. माउंटन डल्सिमर म्हणजे दुसरंच प्रकरण. लांबट लाकडी खोका, मधून उभी पट्टी, पट्टीवर पडदे आणि वर तीन तारा (काहींना चार असतात, त्यात मेलडीची, म्हणजे चाल वाजवायची तार जोडीने लावलेली असते). मांडीवर आडवं ठेवून वाजवायचं. गणपतीच्या मिरवणुकीत जो बेंजो असतो ना, बटणांचा, त्याची बटणं काढून टाकून सरळ तारेवर बोट दाबायचं असं समजा.

हे वाद्य अमेरिकेतल्या ॲपलाचियन डोंगराळ भागातलं, व्हर्जिनिया, केंटकी वगैरे. १९ व्या शतकात तिथल्या वस्त्यांमध्ये तयार झालं, जर्मन लोकांचं शाइटहोल्ट नावाचं वाद्य त्याच्या पूर्वजांपैकी मानतात. डोंगरातून बाहेर पडून शहरांत पोचलं त्यात केंटकीच्या लोकगायिका जीन रिची (१९२२-२०१५) यांचा वाटा मोठा. इतिहास एवढा पुरे.

आता मुद्द्याचं. यूट्यूबवर बघाल तर नव्वद टक्के लोक तुम्हाला डी-ए-डी (म्हणजे सा-प-सा) ट्यूनिंग लावायला सांगतील आणि लगेच कॉर्ड, म्हणजे दोन-तीन स्वर एकदम वाजवायला शिकवायला लागतील. माझं स्पष्ट मत, आपण ते करू नये, निदान पहिले काही महिने तरी. का, तर या वाद्याचा मूळ स्वभावच असा आहे की एक तार गाते आणि बाकीच्या दोन नुसत्या सा आणि प धरून बसतात. हे ऐकल्यासारखं वाटतंय ना? तानपुरा! सवाई गंधर्व महोत्सवाला (१९५३ पासून चालू आहे) रात्र रात्र बसलेल्या पुण्याला ड्रोन म्हणजे काय हे समजवायची गरज नाही, आणि तिकडचे लोक मात्र ड्रोन म्हणजे जुनाट पद्धत समजून कॉर्डकडे पळतात. आपला कान ज्यात तयार आहे तेच आधी वाजवा.

ट्यूनिंग असं. तुमच्यापासून सगळ्यात लांबची जाड तार म्हणजे खर्ज, ती डी ला लावा, म्हणजे पेटीच्या भाषेत पांढरी दोन. मधली तार त्याच्या वरच्या प ला, म्हणजे ए, पांढरी सहा. आणि तुमच्या पोटाजवळची मेलडीची तारसुद्धा त्याच ए ला. झालं, सा-प-प. फोनवर फुकटचा क्रोमॅटिक (कुठलाही स्वर ओळखणारा) ट्यूनर टाका, गिटार मोडवर ठेवू नका नाहीतर तो भलत्याच तारा मागत बसतो. घरात गिटार असेल तर चौथी तार मोकळी = खर्ज, तिसरी तार दुसऱ्या पडद्यावर = बाकीच्या दोन.

तार तुटली तर घाबरू नका, गिटारच्या सुट्या तारा चालतात. तारेचा वाजणारा भाग साधारण २७ इंच असलेल्या वाद्याला दोन्ही पातळ तारा ०.०१२ किंवा ०.०१३ इंच जाडीच्या आणि खर्जाला गुंडाळलेली ०.०२४ च्या आसपास. काही डल्सिमरला टोकाला नुसता फास असलेली तार लागते, गिटारच्या तारेला पितळी मणी असतो, तो पकडीने ठोकून काढला की आपोआप फास उरतो.

आता पडदे. इथे गिटारवाल्यांची गडबड होते कारण गिटारला दर अर्ध्या स्वराला पडदा असतो आणि डल्सिमरला नसतो, फक्त सप्तकातले स्वर दिलेले असतात, म्हणून पडद्यांमधली अंतरं लहानमोठी दिसतात. सा-प-प मध्ये मोकळी मेलडी तार म्हणजे मंद्र प, पहिला पडदा ध, दुसरा नी, आणि तिसऱ्या पडद्यावर सा. मग ४ रे, ५ ग, ६ म, ७ प, ८ ध, ९ नी, १० तार सा. सगळे शुद्ध, म्हणजे सरळ बिलावल. आणि खाली मंद्र प ध नी फुकटात मिळाले, हाच या ट्यूनिंगचा मोठा फायदा, कारण आपली निम्मी भजनं सा च्या खाली उतरतात आणि डी-ए-डी मध्ये मोकळी तारच सा असते, मग खाली जाणार कुठे.

पहिला आठवडा फक्त अलंकार. ३४५, ४५६, ५६७, ६७८, ७८९, ८९१०, आणि तसेच परत. बोट पडद्यावर नाही, पडद्याच्या किंचित डावीकडे दाबायचं, तार झणझणली तर बोट लांब पडलंय. मग भूप घ्या: ३ ४ ५ ७ ८ १०. दुर्गा: ३ ४ ६ ७ ८ १०. बस, या दोन रागांत हात बसला की कानाने ऐकून ओव्या, अभंग काढता यायला लागतात, टॅब (पडद्यांच्या आकड्यांत लिहिलेली चाल) शोधत बसायला नको.

आता मजा बघा. आजकालच्या बऱ्याच डल्सिमरला सहा आणि सातच्या मध्ये एक जादाचा पडदा असतो, त्याला साडेसहावा म्हणतात. तिकडे तो डी-ए-डी मध्ये शुद्ध नी मिळावा म्हणून घालतात. पण सा-प-प मध्ये तो पडदा काय देतो? तीव्र म! म्हणजे बिलावलच्या ट्यूनिंगला हात न लावता यमन. आरोह २, ४, ५, साडेसहा, ८, ९, १०, आणि उतरताना १०, ९, ८, ७, साडेसहा, ५, ४, ३. नी रे ग ने उठायचं आणि खाली सा प चालूच. विकत घेताना हा पडदा आहे ना एवढं नक्की बघा, जुन्या पद्धतीच्या वाद्यांना नसतो.

बाकी रागांसाठी फक्त मेलडीची तार बदलायची, खर्ज आणि मधली तशीच. मेलडी चढवून डी केली तर मोकळी तार सा आणि सहाव्या पडद्यावर कोमल नी, म्हणजे खमाज थाट, आणि साडेसहावा असेल तर शुद्ध नी पण हाताशी, म्हणून देस इथेच वाजवायचा. मेलडी ए वरून सी ला चढवली की पहिल्या पडद्यावर सा आणि आसावरी थाट. उतरवून जी केली की चौथ्या पडद्यावर सा, काफी. भैरवीसाठी एफ पर्यंत उतरावं लागतं आणि सा पाचव्या पडद्यावर येतो, पण तेव्हा ०.०१२ ची तार इतकी सैल पडते की नुसती लोंबते, ०.०१८ वगैरे घाला तेवढ्यापुरती. भातखंड्यांच्या दहा थाटांपैकी सहा असे निघतात. भैरव, पूर्वी, मारवा, तोडी विसरा, त्यांचे स्वर या पडद्यांत बसतच नाहीत, त्यासाठी सगळे पडदे असलेलं क्रोमॅटिक मॉडेल लागेल.

एक सावधान. पेटीसारखंच इथेही पडदे सहसा टेम्पर्ड (सगळे अर्धे स्वर सारख्या अंतराचे) असतात, त्यामुळे पाचव्या पडद्यावरचा ग ड्रोनबरोबर थोडा चढा वाटेल. तुमचा कान तानपुऱ्यावर तयार असेल तर जास्तच. ट्यूनर बरोबर दाखवतोय आणि तरी खटकतंय तर दोष तुमचा नाही. आणि तानपुऱ्यासारखी जवारी (तारेचा तो गुंजणारा नाद) काढायला घोडीवर, म्हणजे तारा टेकतात त्या तुकड्यावर, दोरा सरकवत बसू नका, ही घोडी बारीक धारेची असते, रुंद नाही, दोऱ्याने फक्त आवाज मरतो.

बसायचं कसं? खुर्चीवर, गुडघे जरा लांब, खुंट्या डावीकडे. सतरंजीवर मांडी घालून पण जमतं पण वाद्य घसरतं, ड्रॉवरमध्ये घालतात ती रबरी जाळी खाली टाका. मला विचाराल तर सरळ समोर लाकडी पाट किंवा चौरंग घेऊन त्यावर ठेवा, मांडी आवाज खाऊन टाकते आणि पाटावर ठेवलं की आवाज एकदम उघडतो.

उजव्या हातात पातळ प्लेक्ट्रम, म्हणजे तार छेडायची चकती. गिटारचा अर्ध्या मिलिमीटरचा चालेल, आईस्क्रीमच्या डब्याच्या झाकणातून कापलेला तर उत्तम चालतो, तिकडे पूर्वी हंसासारख्या पक्ष्याचं पीस वापरायचे. सतारीची नखी नको, फार कडक. पट्टीला घोडीच्या अलीकडे एक खोलगट भाग असतो तिथे वाजवायचं, तिन्ही तारांवरून बाहेर आणि आत. एक लांब, दोन छोटे, एक लांब, दोन छोटे, असा ठेका धरला की भजनाची चाल आपोआप बसते.

डाव्या हातात बोटांऐवजी काडी वापरायची पद्धत फार जुनी आणि मला तरी तीच जास्त आवडते. बुरुड आळीत जाऊन बोटाएवढा जाड, साधारण चार इंचांचा बांबूचा तुकडा मागा, सँडपेपर मारा, झाली काडी. अंगठा वर, पहिलं बोट पट्टीच्या कडेला टेकवून ठेवायचं म्हणजे काडी फक्त मेलडीच्या तारेवर सरकते, मधल्या तारेला लागत नाही. सरकताना जो सुंई आवाज येतो तो दोष नाही, तोच त्याचा रंग आहे. खरी मींड मात्र काडीने नाही येत, पडद्यांच्या पायऱ्या ऐकू येतात. थोडी मींड हवी तर बोटाने तार आडवी खेचा, अर्धा स्वर सहज चढतो.

आता गज. हे काही नवीन फॅड नाही, याच कुळातलं आइसलँडचं लांगस्पिल गजानेही वाजवतात आणि स्वीडनमध्ये चर्चमधल्या भजनांसाठी साल्मोडिकॉन नावाचं एकतारी वाद्य गजानेच वाजायचं. पण साध्या डल्सिमरवर गज चालवायचा म्हणजे एक अडचण पहिल्या मिनिटाला कळते. व्हायोलिनची घोडी कमानदार असते म्हणून एकेक तार वेगळी वाजते, डल्सिमरची घोडी सपाट, गज ठेवला की तिन्ही तारा एकदम. आपल्या पद्धतीने वाजवणाऱ्याला ही अडचण आहे का? अर्धी नाहीच, कारण सा आणि प सतत वाजत राहिलेले आपल्याला हवेच आहेत, आणि प्लेक्ट्रमने जो ड्रोन तुटक येतो तो गजाने अखंड येतो. गजासाठी खास बनवलेली डल्सिमर पण असतात, गोलाकार घोडी आणि बारीक कंबर, पण आधी हातात आहे त्यावर करून बघा.

व्हायोलिनचा स्वस्तातला गज पुरे, दिलरुब्याचा असेल तर तोही चालेल. नव्या गजाला राळ लावा, म्हणजे भरपूर लावा, पाच दहा मिनिटं घासत बसावं लागतं, कोरडा गज तारेवरून नुसता घसरतो आणि लोकांना वाटतं वाद्यच खराब आहे. गजाच्या केसांना हात लावायचा नाही. मेलडीची तार जोडीची असेल तर एक काढून टाका, गजाखाली दोन तारा कधीच एकसारख्या लागत नाहीत.

मांडीवर आडवं ठेवून गज मारायला गेलात तर दर वेळी कोपर पोटात येईल. म्हणून उभं धरा, चेलोसारखं, खालचं टोक गुडघ्यांमध्ये, खुंट्यांचं टोक डाव्या खांद्याशी, तोंड समोर. असं धरलं की मेलडीची तार गजाच्या हाताकडे येते. गज घोडीपासून दोन तीन इंचांवर, त्या खोलगट भागापाशी, तारांना काटकोनात. हात जरा मागे स्वतःकडे घेतला की फक्त मेलडी वाजते, पुढे ढकलला की फक्त खर्ज, मधोमध ठेवला की तिन्ही. मधली एकटी कधीच वाजणार नाही, तो नाद सोडा. कोन फार घेता येत नाही, गज खोक्याच्या कडेला घासतो, थोडक्यात भागवा.

सुरुवात खर्जापासून करा कारण गुंडाळलेल्या तारेला गज लगेच धरतो, पातळ स्टीलची तार रुसते. लांब, संथ, सरळ गज, पूर्ण टोकापासून टोकापर्यंत, आणि बाकी काही नाही. शिट्टी वाजली तर गज फार हलका किंवा फार वेगात चाललाय. कर्कश खरखर आली तर दाब जास्त आणि वेग कमी. खर्ज स्वच्छ आला की तिन्ही तारा, आणि मग मेलडीवर काडी ठेवून ३ ४ ५ ७ ८ १०, एका गजात एक स्वर. बोटांपेक्षा इथे काडीच बरी पडते कारण उभ्या वाद्यात मागून हात घालायला दांडी नसते, अख्खा खोका मध्ये येतो. द्रुत वगैरे डोक्यात आणू नका, हे वाद्य गजावर आलापीचं आहे. आणि हो, सुरुवातीचे काही दिवस दुपारी एक ते चार सोडून वाजवा, सोसायटीत राहायचंय आपल्याला.

वाजवून झालं की गजाचा स्क्रू सैल करायचा, रोज. घोडीजवळ राळेची पांढरी पूड पडते ती कोरड्या कपड्याने लगेच पुसा नाहीतर पॉलिशवर चिकटून बसते, तारासुद्धा पुसा, कारण त्याच तारांवर उद्या प्लेक्ट्रमने वाजवाल तर आवाज मळका येईल. पावसाळ्यात लाकडी खुंट्या फुगून अडकतात, तेव्हा पकडीने पिळू नका, कोरडा दिवस बघून हळूहळू फिरवा. मे महिन्यात गाडीत वाद्य ठेवून तुळशीबागेत खरेदीला जाऊ नका, सांधे उकलतात आणि राळ डबीतच विरघळते.