एच. पायलोरीचा कोर्स फसतो कुठे? या चुका टाळा

मागच्या महिन्यात माझ्या मेडिकलच्या काउंटरवर एक काका आले. पिशवीतून एच. पायलोरी या जठरातल्या जंतूवरच्या औषधांच्या किटचा खोका काढला. रोजची एक अशा १४ पट्ट्यांपैकी सहा जशाच्या तशा. "जळजळ थांबली, तोंड सारखं कडू पडायचं, म्हणून ठेवून दिल्या. आता परत सुरू झालंय. याच संपवू का?"

नका संपवू. आठ दिवसांत कच्चे जंतू मेले, चिवट उरले असणार. उरलेल्या सहा पट्ट्या त्यांच्यापुढे टाकून काय होणार? आणि तोंड कडू पडतं ते किटमधल्या क्लॅरिथ्रोमायसिन या अँटिबायोटिकमुळे, कोर्स संपला की जातं.

एच. पायलोरी म्हणजे हेलिकोबॅक्टर पायलोरी, हा जंतू जठराच्या चिकट अस्तरात दडून राहतो. १९९४ साली जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने त्याला कर्करोगकारकांच्या पहिल्या गटात टाकलं. बहुतेकांना कॅन्सर होत नाही, हे खरं. पण जठराची सूज वर्षानुवर्षं राहिली तर धोका वाढतो. क्लॅरिथ्रोमायसिनला दाद न देणारा पायलोरी २०१७ साली याच संघटनेच्या चिंताजनक जंतूंच्या यादीत होता.

माझ्या मते मोठी चूक मात्र कोर्सच्या कितीतरी आधी होते. घसा धरला की "ती तीन दिवसांची द्या" म्हणून ॲझिथ्रोमायसिन नेणारे रोज दिसतात. ते क्लॅरिथ्रोमायसिनचंच भावंड. घशासाठी घेतलेली गोळी पोटातल्या जंतूलाही भेटते, आणि एकीला सरावलेला जंतू सहसा दुसरीलाही जुमानत नाही. मेट्रोनिडाझोल हेही पायलोरीवर वापरतात ते अँटिबायोटिक, जुलाबावर ते ऊठसूट घेण्याचंही तेच. आपल्या देशात त्याला न जुमानणारा पायलोरी सर्रास सापडतो. म्हणून डॉक्टरांकडे जाताना आधी कोणकोणती अँटिबायोटिक्स घेतलीत ते आठवून सांगा. जुन्या चिठ्ठ्या असतील तर उत्तमच. एकदा फसलेलं किट पुन्हा तेच मागू नका.

किटमधली ॲसिडिटीची गोळी "आता जळजळ नाही" म्हणून गाळणारेही आहेत. ती जळजळीसाठी नसतेच मुळी! आम्ल कमी झालं की जंतू वाढायला लागतो, आणि वाढत्या जंतूवरच किटमधलं अमॉक्सिसिलिन हे अँटिबायोटिक लागू पडतं. ॲसिडिटीची ही गोळी जेवणाआधी अर्धा तास घ्या.

मग तपासणी. बरं वाटलं म्हणजे जंतू गेला असं नाही. कोर्स संपल्यावर किमान चार आठवडे थांबून श्वासाची तपासणी किंवा शौचाची अँटिजेन (जंतूचे अंश शोधणारी) तपासणी करतात. त्याआधी दोन आठवडे ॲसिडिटीची गोळी बंद लागते, नाहीतर जंतू असूनही रिपोर्ट निगेटिव्ह येऊ शकतो. बंद करण्याआधी डॉक्टरांना विचारा. रक्ताची अँटिबॉडी तपासणी इथे कामाची नाही, जंतू गेल्यावरही ती बरेच महिने पॉझिटिव्ह राहते.

वजन उतरणं, गिळताना अडकणं, वारंवार उलट्या, हिमोग्लोबिन घसरणं, यांतलं काही असेल तर गोळ्यांचा विचार बाजूला ठेवा, आधी दुर्बिणीची तपासणी. काही कोर्समध्ये बिस्मथ हे औषध असतं, त्याने शौचाला काळी होते, त्याला घाबरू नका. पण डांबरासारखी चिकट होऊन चक्कर येत असेल तर थेट हॉस्पिटल गाठा.

काका दोन दिवसांनी नवी चिठ्ठी घेऊन आले. चार औषधं, १४ दिवस. पहिला प्रश्न, "दुधाबरोबर चालतील ना?"

त्यात टेट्रासायक्लिन हे अँटिबायोटिक होतं. दुधातल्या कॅल्शियमला चिकटलं की ते नीट अंगी लागत नाही. म्हटलं, ग्लासभर पाण्याबरोबर घ्या, आणि घेतल्या घेतल्या आडवे होऊ नका.