कोकणातून नाशकात आलेल्यांसाठी: मासे, फ्रीझर आणि थोडं बाकीचं

अंबड-सातपूरला नोकरी लागली की आपल्याकडची पोरं येतात आणि आधी शाळा कुठली, फ्लॅट कुठे घेऊ हे विचारतात, मग पंधरा दिवसांनी हळूच मासे कुठे मिळतात. शाळा-फ्लॅटचं सांगणारे ढिगाने भेटतील, मी माशांचं सांगतो. फ्लॅट भाड्याने घेताना घरमालकाला मासे चालतात का हे आधीच विचारून घ्या, नंतर वासावरून वाद नको.

पहिली गोष्ट, "नाशकात मासेच मिळत नाहीत" हे रडगाणं बंद करा. मिळतात. गोड्या पाण्यातले रोहू-कटला तर मिळतातच, पण आपल्याला खारं लागतं आणि ते बहुतेक मुंबईहून कसारा घाट चढून बर्फात येतं, म्हणजे गावच्या जेटीवरचं ताजेपण इथे शोधायचं नाही. विक्रेत्याला सरळ विचारा, बर्फातलं आहे की फ्रोझन सोडवलेलं, म्हणजे गोठवलेलं वितळवून मांडलेलं आहे? दोन्हीत फार फरक आहे. फ्रोझन सोडवून मांडलेला मासा दाबला की बोटाचा खड्डा तसाच राहतो, कापं मऊ पडतात आणि पिशवीत घरी येईस्तोवर खाली पाणी साठतं. असा मासा स्वस्त असेल तर घ्या की, पण त्याच दिवशी खाऊन टाका, पुन्हा फ्रीझरला टाकू नका. बर्फातला असेल तर कल्ले उचलून बघायचे, लाल पाहिजेत, तपकिरी झाले की पुढे चला. लाजू नका, इथली गिऱ्हाइकं बघत नाहीत म्हणून विक्रेता जरा चमकतो इतकंच. जून-जुलैत मासेमारी बंद असते, तेव्हा "आजचंच आहे साहेब" म्हणून कोणी मोठी सुरमई दाखवली तर हसून सोडून द्या.

आता घरी आणल्यावर. पोट साफ केल्याशिवाय मासा फ्रीझरमध्ये ठेवायचा नाही, सडायला सुरुवात तिथूनच होते. धुवा, पाणी नीट निथळू द्या आणि एका वेळेला लागेल तेवढ्याच कापांची चपटी पाकिटं करा, हवा दाबून काढा, वर तारीख लिहा. चपटी का, तर पातळ पाकीट पटकन गोठतं आणि आत बर्फाचे खडे बारीक राहतात, दोन किलोचा गोळा करून ठेवलात तर तो सावकाश गोठतो, खडे मोठे होतात, मांस फाटतं आणि सोडवल्यावर सगळं पाणी सुटून कापं चोथा लागतात. मग म्हणायचं नाशिकच्या माशाला चव नाही! मीठ-मसाला लावून ठेवायची आपल्या बायकांची (आणि माझ्या आईचीही) सवय आहे, पण मिठाने तेलकट मासा लवकर खवट होतो, मीठ तळायच्या आधीच लावा. कोळंबी सोलून डब्यात पाण्यात बुडवून गोठवा, मस्त राहते. बोंबील गोठवू नका, त्याच्यात आधीच पाणी, सोडवला की नुसता लगदा.

फ्रीझर उणे १८ला पाहिजे. सिंगल डोअरवाल्यांचा बहुतेक वेळा तेवढा जात नाही, आइस्क्रीम ठेवून बघा, मऊच राहिलं तर तुमच्या फ्रीझरमध्ये मासा आठवड्याच्या वर ठेवू नका. चांगल्या फ्रीझरमध्ये बांगडा-सुरमई दोन-तीन महिने, पापलेट थोडं जास्त.

सोडवायचं कसं, तर आदल्या रात्री पाकीट ताटलीत ठेवून फ्रीजच्या खालच्या कप्प्यात. बस. ओट्यावर ठेवून ऑफिसला जायचं नाही, एप्रिल-मेमध्ये इथे पारा चाळिशीला टेकतो, बाहेरून मासा कोमट आणि आत दगड. विसरलात तर बंद पिशवी गार पाण्यात बुडवा, अर्ध्या तासाने पाणी बदला. गरम पाणी नाही. कालवणाची पातळ कापं तर गोठलेलीच उकळत्या कालवणात सोडली तरी चालतात. फ्रीजमध्ये सोडवलेला मासा शिजवला आणि कालवण उरलं तर ते गार करून गोठवता येतं, कच्चा सुटून बाहेर गरम झालेला पुन्हा आत टाकायचा नाही.

हे मी घसा कोरडा करून सांगतो त्याला कारण आहे. आमच्या बिल्डिंगमधले चिपळूणकडचे एक गृहस्थ गणपतीला गावी गेले. मागे लाईट बराच वेळ गेली आणि परत आली, फ्रीझरमधलं सगळं सुटून पुन्हा गोठलं आणि यांना पत्ताच नाही. आल्यावर बांगडे तळले, वास ठीक, चव ठीक, आणि तासाभरात घरातल्या सगळ्यांची तोंडं लालबुंद, अंगाला खाज, छाती धडधडते. दवाखाना, सलाईन, सगळं झालं. बांगडा, तारली, कुपा, सुरमई असे मासे गरम राहिले की त्यांच्यात हिस्टामिन नावाचं अ‍ॅलर्जीसारखा त्रास देणारं द्रव्य तयार होतं, ते तळून जात नाही, उकळून जात नाही, पुन्हा गोठवूनही जात नाही. म्हणून गावी जाताना एका वाटीत पाणी गोठवून वर रुपयाचं नाणं ठेवा. परत आल्यावर नाणं वरच असेल तर ठीक, खाली बुडून गोठलेलं दिसलं तर सगळं फेकून द्या. सगळं म्हणजे सगळं, पापलेट महागाचं म्हणून बाजूला काढू नका. जनरेटरच्या भरवशावर राहू नका, बऱ्याच सोसायट्यांत तो लिफ्ट आणि जिन्यापुरताच असतो.

गावाहून थर्माकोलचा खोका आणणाऱ्यांना माझा विरोध नाही, पण रात्रभराच्या गाडीत वर चार बर्फाचे तुकडे टाकून भागत नाही. तिथेच कडक गोठवून आणा, खोका गच्च भरा. इथे उघडल्यावर कडक असेल ते फ्रीझरला, मऊ पण थंडगार असेल ते लगेच शिजवा, कोमट लागलं तर काकांनी प्रेमाने दिलेलं असलं तरी कचऱ्यात. आणि तो खोका अख्ख्या मजल्याला दाखवत आणू नका, नाशिककर बोलत नाहीत पण लक्षात ठेवतात.

बाकी भाजीचं सोपं आहे, बुधवारी गोदाघाटावरच्या बाजारात जा. थंडीत मटार स्वस्त झाले की सोलून दोन मिनिटं उकळत्या पाण्यात, लगेच गार पाण्यात, कोरडे करून गोठवा, नुसते टाकलेत तर महिन्याभरात रंग-चव जाते. खोवलेला नारळ छान राहतो. द्राक्षं गोठवून उन्हाळ्यात मोठ्यांनी खायला मजा येते. सुके सोडे पावसाळ्याच्या आत फ्रीझरमध्ये टाका. तिरफळं मात्र गावाहूनच आणा, इथे मनासारखी मला अजून मिळालेली नाहीत, कोणाला दुकान सापडलं तर मलाही सांगा.